मुकट्याचे पंख

कार्तिकातलं माझं मौन पहाटेच्या स्नानापासून सुरू होतं आणि तुळशीची पूजा, देवाचा नैवेद्य होऊन दुपारी पान वाढलं की सुटतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी धरलेला हा नेम मी आजवर मोडला नाही. आळीतल्या बायका त्याचं कौतुक करतात. तेव्हा माझी मान खाली जाते, आणि त्यांना वाटतं ती विनयानं गेली. कशानं जाते ते मी कोणाला सांगितलेलं नाही. एकदा ह्यांना सांगितलं, तेवढंच.

आमचं घर नाशिकच्या तांबट आळीत. पुढच्या बाजूला भट्टी आणि ठोकायची जागा, मागं आम्ही राहायचो, म्हणजे हे, सासूबाई आणि मी. उन्हं अंगणात आली की आळीत हातोडे सुरू होतात ते दिवेलागणीला थांबतात. नवा माणूस आला तर त्याला समोरच्याचं बोलणं कळत नाही. आम्हाला सवयीनं कळतं. मी मुळातच हळू बोलणारी, त्यामुळे ह्यांना माझ्यासाठी नेहमीच थोडं वाकावं लागे. पहिल्या वर्षी तर सासूबाई म्हणायच्या, सून आणली की चिमणी आणली.

हे नऊ वर्षांचे असल्यापासून हातोडा धरून होते. हंडे, घागरी, बंब. भांडं घडवून झालं की ते मठारायचं, म्हणजे बारीक बारीक ठोके देत सगळा पत्रा टणक करत न्यायचा. एका हंड्याला हजारांनी ठोके पडतात आणि हंड्याच्या पोटात तोंड घातल्यासारखा तो आवाज कानात जातो. सत्ताविसाव्या वर्षी ह्यांचा उजवा कान गेला. आधी आम्हाला कळलंच नाही. कीर्तनाला बसले की डावी बाजू बुवांकडे करायला लागले, मग एके दिवशी भांडं वाजवून पत्रा कुठं पातळ आहे ते ओळखता येईना, तेव्हा कळलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की ठोकायचं काम सोडलं नाही तर चार-पाच वर्षांत डावाही जाईल.

घरी येऊन हे हसत म्हणाले, "तांबटानं ठोकायचं नाही तर काय भांड्यांची समजूत घालायची?" पण त्या रात्री जेवले नाहीत.

त्याच सुमाराला देवळालीच्या छावणीकडच्या माळावर एक विमान उतरलं होतं. अर्धं नाशिक बघायला गेलं, हेही गेले. परत आले ते वेगळेच. त्यांनी त्याच्या पंखाला हात लावला होता. लोखंड नाही, पत्रा नाही, कापड आहे ते, असं त्यांनी मला त्या दिवसात चार वेळा तरी सांगितलं. मग बांबूच्या कामट्या तासून, पतंगाचा कागद चिकटवून ते लहान लहान विमानं करायला लागले. पोटात रबराची दोरी, ती पिळून सोडली की पुढचा पंखा फिरायचा आणि विमान आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. तांबं ठोकणारा माणूस, पण काम असं हलकं की हातात घेतलं तर हात रिकामाच वाटावा.

तेहतीस सालच्या भाद्रपदात एक पारशी साहेब तांब्याच्या नळ्या वाकवून घ्यायला दुकानात आले. मुंबईला जुहूच्या माळावर विमानं उतरतात, तिथं त्यांचा दुरुस्तीचा कारखाना होता. आढ्याला टांगलेलं विमान त्यांनी खाली काढून घेतलं, उलटंपालटं करून बघितलं, आणि नळ्यांचं राहिलं बाजूला, त्यावरच बोलत बसले. त्यांच्याकडे एक मोठी शेड होती, तिथं विमानाच्या पंखांवर कापड चढवायचं काम चाले. सुई, दोरा, खळ, वार्निस. हातोडा नाही. तिथल्या एका माणसाची जागा रिकामी होती.

"कामटी तर कोणपण बांधेल," साहेब म्हणाले. "कापड तू निवडते कसा नि ताणते कसा, ते मला बघायचं."

दोन हात लांब पंखांचं एक विमान करा, कापडानं मढवा, दिवाळीनंतर मी येईन तेव्हा उडवून दाखवा, असं ठरलं. जाताना कापडाला लावायच्या वार्निसचा एक लहान डबा ठेवून गेले.

साहेब गेल्यावर ह्यांनी आत येऊन मला विचारलं, की जिथं एक जण बोलला की सगळ्यांना ऐकू येतं, अशा जागी काम करायला कसं वाटत असेल. मला काय सांगता येणार? पण त्या दिवसापासून मला कळून चुकलं की ते विमान म्हणजे ह्यांचा डावा कान आहे.

सांगाडा दिवाळीच्या आतच तयार झाला. अडलं ते कापडाशी. पतंगाचा कागद रात्रीच्या दवानं सैल पडे आणि उन्हात तडके. मग मलमल आणली. ती वार्निस पिऊन पिऊन जड झाली. सोनाराच्या काट्यावर वजनही करून आणलं. उडवल्यावर विमान नाक खाली घालून चार हातांवर पडलं. रेशीम पाहिजे, पातळ रेशीम, असं ते स्वतःशीच म्हणत राहिले. तेव्हा साहेब यायला फक्त तीन दिवस उरले होते, आणि वार्निस सुकायलाच दोन दिवस ऊन लागणार होतं. येवल्याला जाऊन यायला वेळ नव्हता.

घरात पातळ रेशीम होतं.

मी चार वर्षं लक्षवातीचं व्रत धरलं होतं. रोज कापसाच्या वाती वळायच्या, लाख झाल्या की त्रिपुरी पौर्णिमेला देवापुढं लावून उद्यापन करायचं. त्या दिवशी नेसायला म्हणून मी येवल्याच्या जैतुनबीकडून रेशमी सोवळं घेतलं होतं. जैतुनबी विणकरांच्या घरची, वर्षातून दोनदा गाठोडं घेऊन आळीत यायची. बोलायला मोकळी. त्या रेशमाचा तुकडा तिनं अंगठीतून ओढून दाखवला आणि म्हणाली, "बाई, रेशीम म्हणजे जिवंत चीज. एकाच घडीत ठेवलंत तर घडीवर मरतं. महिन्याला घडी बदलत जा." मी तसं करत होते. पांढऱ्या कापडात गुंडाळून ते देवाजवळच्या कोनाड्यात ठेवलं होतं. अजून अंगाला लागलेलं नव्हतं. त्याला खळ आणि वार्निस लागणं म्हणजे काय, ते मला सांगायला नको. त्या वार्निसला पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांसारखा वास यायचा, आणि त्यात स्पिरिट असतं असं हे म्हणायचे.

दुसरं रेशीम मामंजींचं. म्हणजे माझ्या सासऱ्यांचा मुकटा, जेवताना नेसायचं रेशमी सोवळं. मी त्यांना पाहिलं ते चारच महिने. जायच्या आदल्या दिवशी दुपारी जेवून उठल्यावर त्यांनी तो स्वतः वाळत घातला, संध्याकाळी स्वतः घडी घातली, आणि पहाटे ते नव्हते. ती घडी सासूबाईंनी मोडू दिली नाही. अकरा वर्षं मुकटा ट्रंकेत तसाच. दर दसऱ्याला सगळ्या कपड्यांना ऊन दाखवायचं, तेव्हा मुकट्यालाही दाखवायचं, पण घडी न उलगडता, दोन्ही तळहातांवर धरून.

त्या वर्षीच्या दसऱ्याला मी तो तळहातांवर धरला होता. एक बाजू सरकली म्हणून बोटानं सावरायला गेले तर बोट आत गेलं. फाटल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. मी घडीची कड जराशी उचलून उन्हाकडे धरली, तर घडीच्या रेघेवरून चाळणीतून यावा तसा उजेड येत होता. एक दोरा चिमटीत धरला, तो राखेसारखा सुटला. सासूबाई पाठमोऱ्या होत्या. मी ती कड आत वळवली, मुकटा ट्रंकेत ठेवला, वर सासूबाईंची शाल ठेवली. अकरा वर्षांची ती घडी माझ्या हातून फाटली असं त्यांना वाटलं असतं, म्हणून बोलले नाही. ही पहिली चूक. ती लहान होती, अजून सुधारता आली असती.

कार्तिक शुद्ध सप्तमीची सकाळ. मी वाती वळत बसले होते, पान वाढायला अजून दोन तास होते. हे मलमलीचा तो जड झालेला तुकडा घेऊन आत आले आणि आईला सांगायला लागले की नाही जमत. सासूबाईंनी ऐकून घेतलं. मग उठल्या.

"वाल्मीक, तुझ्या वडलांचा मुकटा आहे की."

"आई, त्याला कात्री लावायची?"

"ते असते तर त्यांनीच लावली असती. तुझा कान राहतोय त्यापायी."

ट्रंक उघडली. मुकटा त्यांनी मांडीवर घेतला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा घडी उलगडली. डोळे पुसले, पण हसतही होत्या. कडेला जे छिद्र होतं ते त्यांना दिसलं, त्या म्हणाल्या कसर लागली वाटतं, तेवढं सोडून घे. आत उजेड कमी. बाकी सगळं कापड डोळ्यांना चांगलं दिसत होतं, पिवळसर, मऊ, नुसत्या घडीच्या रेघा पडलेल्या.

हे मुकटा घेऊन माझ्यासमोर येऊन बसले. एका हातात मुकटा, एका हातात मलमल.

"तांब्यातलं मला विचार. कापडातलं तुला कळतं," ते म्हणाले. "हा चालेल ना?"

मी वर बघितलं. त्यांची नजर तेवढ्यात कोनाड्याकडे जाऊन आली. गेली तशी लगेच परत आणली त्यांनी, जणू दुसऱ्याच्या ताटाकडे बघितलं होतं. ते नवं रेशीम मागणार नव्हते, कधीच मागितलं नसतं. पण मी मुकट्याला नाही म्हटलं की घरात दुसरं काय उरतं, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"मौन आहे, माहीत आहे मला. नुसती मान हलव."

मला मान हलवता येत होती. हे लिहायलाच हवं. मौनात मी हातानं मीठ मागते, मांजर आलं तर हात उगारून हुसकते, दूधवाल्याला बोटांनी मापं सांगते. माझ्या नेमाला कधी कोणत्या खुणेचा बाध आला नव्हता. त्या दिवशी मात्र मी मौन अगदी पूर्ण पाळलं. खाली बघितलं आणि वात वळत राहिले. मनात म्हणत होते की आता बोलले तर चार वर्षांचं पुण्य जाईल. आणि त्याच्या खाली, अगदी खाली, कोनाड्यातलं रेशीम दिसत होतं.

हे थांबले. बाहेर ठोके चालू होते. सासूबाई म्हणाल्या, तिला कशाला छळतोस, तिचा नेम आहे.

"नाही म्हणत नाही, म्हणजे चालतंय," असं म्हणून ते उठले.

दुपारी पान वाढेपर्यंत कापड कापून झालं होतं. पाण्यात भिजवलं तशा घडीच्या रेघा गेल्या, त्यामुळे ते खूश. मैद्याच्या खळीनं कामट्यांवर बसवलंसुद्धा. मौन सुटलं. सुटल्यावर मी पहिलं वाक्य काय बोलले ते मला आठवतं. मी म्हटलं, भात वाढू का.

तेव्हाही वेळ होती. दुसऱ्या दिवशीही होती. मी स्वतःला सांगत होते की वार्निसनं दोरा दोऱ्याला धरील. दोन हात दिले त्यांनी वार्निसचे. घरभर केळ्यांचा वास. उन्हात ठेवल्यावर कापड असं ताणलं गेलं की बोटानं टिचकी मारली तर वाजायला लागलं. ह्यांनी तो पंख डाव्या कानाशी नेला, पुन्हा टिचकी मारली, मग मला बोलावलं आणि माझ्याही कानाशी धरला. लहान डफासारखा आवाज. मला स्वच्छ ऐकू येतंय, असं ते म्हणाले. इतके दिवस त्यांनी कानाचं नाव काढलं की तोंड कडू व्हायचं. त्या दिवशी नाही.

मी सांगितलं नाही.

दशमीला साहेब आले. पहाटे वारा पडलेला असतो म्हणून तपोवनाजवळच्या मोकळ्या माळावर उडवायचं ठरलं. मी त्या दिवशी गोदावरी-कपिलेच्या संगमावर स्नानाला गेले, सासूबाईंना सोबत घेऊन. ओल्या लुगड्यानं काठावर उभी राहिले तर माळ दिसत होता. मौन सुरू झालं होतं. साहेब, त्यांचा एक माणूस, हे, आणि नाशिक रोडचा गेणू सुतार. गेणूनंही एक विमान करून आणलं होतं, मलमलीचं. साहेबांनी त्यालाही सांगितलेलं होतं हे आम्हाला तिथंच कळलं.

गेणूचं विमान आधी सुटलं. जड होतं, फार चढलं नाही, बैल थकून बसावा तसं पन्नास-साठ पावलांवर बसलं. पण अखंड बसलं.

मग ह्यांनी सोडलं. ते इतकं सहज वर गेलं की सासूबाईंनी माझा दंड धरला. झाडांच्या शेंड्याएवढं गेलं. माळावरून वळलं आणि नदीकडे, आमच्या दिशेला आलं. सूर्य नुकता वर येत होता. पंख त्याच्या आड आला आणि मला कापडात एक पांढरी रेघ दिसली, सरळ, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मग ती रेघ रुंद झाली. पंख अर्ध्यात मिटला. ते पडलंसुद्धा हलकं, वाळूवर, आमच्यापासून वीस पावलांवर.

साहेब चालत आले. त्यांनी पंख उचलला आणि फाटलं नव्हतं अशा जागी, दुसऱ्या घडीच्या रेघेवर, अंगठा टेकवला. अंगठा आरपार गेला. पंख त्यांनी ह्यांच्या हातात दिला. माणूस वाईट नव्हता.

"हात तुझा फार चांगला," ते म्हणाले. "पण कापड तुला ओळखता नाही येत. वर माणूस बसते, वाल्मीक."

गेणू सुतार पुढच्या आठवड्यात मुंबईला गेला.

टांग्यात बसल्यावर हे आईला समजावत होते की मुकट्याचा दोष नाही, मीच जास्त ताणलं, वार्निसचा एक हात कमी द्यायला हवा होता. सासूबाईंना वाईट वाटू नये म्हणून बोलत होते ते. मी शेजारी ओल्या लुगड्याचं बोचकं घेऊन बसले होते, मौनात.

पाच दिवसांनी त्रिपुरी पौर्णिमा. मी नवं रेशीम नेसले, लाख वाती लावल्या. सगळी आळी बघायला आली. ठोके बंद होते. हे माझ्या शेजारी पाटावर बसले, ब्राह्मण जे सांगतील ते डावा कान पुढं करून ऐकत होते आणि एकेक विधी नीट करत होते. बायका म्हणत होत्या, पुण्यवान गं बाई. दिव्यांची धग लागून माझं सगळं अंग तापलं होतं, पण मला वाती दिसत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी हातोडा सुरू झाला.

आमच्या आळीत अमावास्येला कोणी ठोकत नाही. महिन्यातला तेवढा एक दिवस घरात दिवसाउजेडीही हळू बोललेलं ऐकू येतं. मी ह्यांना सांगितलं ते अशाच एका अमावास्येला, विमान पडल्यावर दोन वर्षांनी. सासूबाई तोवर वारल्या होत्या. हे ओसरीवर बसले होते. मी डाव्या बाजूला बसले आणि दसऱ्यापासून सगळं सांगितलं. बोट आत गेल्याचं, मान हलवली नाही त्याचं. कोनाड्याचं सांगताना अडखळले, पण सांगितलं.

 ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. मला वाटलं ऐकू गेलं नाही की काय. मग म्हणाले,

"मी मागितलं असतं ते रेशीम, तर दिलं असतंस?"

तेवढंच विचारलं. आवाजात राग नव्हता.  मी हो म्हणाले असते तर ते खोटं झालं असतं, निदान त्या दिवसाचं तरी खोटं झालं असतं, आणि नाही म्हणायला जीभ उचलेना. त्या दिवशी मला कसलंही मौन नव्हतं. तरी मी बोलले नाही. ते उठून भट्टीतली राख काढायला गेले.

उत्तर मला मिळालं ते पुढं, दोन-तीन वर्षांनी, एकदा देवापुढं बसले असताना. हो. दिलं असतं. आता विचाराल तर हजार वेळा दिलं असतं. पण तोवर ह्यांचा डावा कान गेला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याहून थोडा लवकरच. आता आळीत ठोके चालू असोत की अमावास्या असो, त्यांना सारखंच. ओठांवरून कळेल तेवढं कळतं, आणि माझे ओठ बोलताना फार हलत नाहीत म्हणे. ओरडून सांगावं तर सगळी आळी ऐकेल. पाटीवर लिहून दाखवावं असं एकदा मनात आलं, पाटी घेतलीसुद्धा. पण त्यांचा तो प्रश्न आता जुना झाला आहे, त्यांनी तो पुन्हा विचारला नाही, आणि न विचारलेल्याचं उत्तर हातात देऊन मला हलकं व्हायचं आहे की त्यांना काही द्यायचं आहे, हे मला ठरवता आलं नाही.

एक फरक मात्र झाला. त्यानंतर त्यांनी मला कापडातलं कधी काही विचारलं नाही. धोतर असो, सदऱ्याचं कापड असो, एकटेच बाजारात जातात. दुकानदार काय सांगतो ते त्यांना ऐकू येत नाही, तो ओळखतो आणि हलका माल गळ्यात मारतो. परवा आणलेलं धोतर मी उजेडात धरून बघितलं. पोत विरळ आहे, दोन धुण्यांत जाईल. मी त्यांना बोलावलं, बोट लावून दाखवलं, मान हलवून नाही म्हटलं, दोनदा म्हटलं. त्यांनी माझ्या हातातून धोतर घेतलं, नीट घडी घातली आणि दांडीवर ठेवलं. आज सकाळी तेच नेसून हंडा ठोकायला बसले आहेत.